न चाखता घातलेलं मीठ

निकचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत नव्या पुस्तकांची कार्डं टाइप करत होते. दुपारचे साडेचार झाले असतील. पुढच्या डेस्कवरच्या मुलीने ‘लाँग डिस्टन्स आहे’ म्हणून हाक मारली, तेव्हा मला वाटलं, मिरजेहूनच असणार. पण फोन फीनिक्सहून होता. “आई गेली,” निक म्हणाला. चर्चमधली एक मैत्रीण तिला न्यायला आली होती आणि स्ताव्रूलाबाई, त्याची आई आणि माझी शेजारीण, स्वयंपाकघरातल्या खुर्चीतच, डोळे मिटून... चेहऱ्यावर कसलाही त्रास दिसत नव्हता, हे त्या मैत्रिणीने त्याला दोनदा सांगितलं होतं. अशा वेळी काय बोलायला हवं ते मला आज ठाऊक आहे. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “घरात कसला वास येत होता का?”  मग तो म्हणाला, “वास? नाही... का?” “काही नाही,” मी म्हटलं आणि फोन ठेवून परत टाइपरायटरपुढे जाऊन बसले. त्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी जाऊन आले होते. सगळं ठीक होतं. पण तीन वर्षांची सवय लागलेल्या मनाला ते पटायला वेळ लागला.

हा प्रश्न मी का विचारला ते निकला सांगायला मला पुढे चाळीस दिवस लागले. ती गोष्ट आता लपवायची राहिलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही ओहायोतल्या अ‍ॅक्रनला राहायला आलो त्याला आता नऊ वर्षं होतील. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, टायरच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. तेव्हा या गावाला सकाळी एक वास असायचा, गरम रबराचा, आणि माझा पहिला महिना डोकं धरून बसण्यात गेला. कुंपणापलीकडच्या घरातल्या ठेंगण्या, काळा पोशाख घातलेल्या ग्रीक बाई एक दिवस झाकलेली थाळी घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. “वास विसरायचा असेल तर त्याच्यापेक्षा मोठा वास घरात आणायचा,” त्या म्हणाल्या आणि झाकण काढलं. लिंबू, शेपू, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात... मी विचारलं, “यात मांस आहे?” त्यांनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “आज नाही. आज बुधवार. बुधवारी आणि शुक्रवारी मी तुझ्यासारखी असते.” तेव्हापासून आमचं जाणं-येणं बुधवार-शुक्रवारच्या हिशेबाने होतं. त्यांच्या उपासाच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायची आणि बाकीच्या दिवशी त्या माझ्याकडे यायच्या, वरणात लिंबू पिळून चमच्याने खायच्या आणि म्हणायच्या, “हे चांगलं आहे, पण याला कोणी आजारी पडल्यासारखं का शिजवलंय?”

त्यांची नावाजलेली गोष्ट मात्र मी कधीच खाल्ली नव्हती. केफ्तेदेस, म्हणजे खिम्याचे तळलेले गोळे, अक्रोडाएवढे. चर्चच्या जत्रेत त्यांच्या टेबलापुढे रांग लागायची. त्यांचे यजमान गावात उपाहारगृह चालवत होते तेव्हा म्हणे लोक दुसरं काही मागवायचेच नाहीत. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, उपाहारगृहाच्या जागी बँक आली होती, पण दर वर्षी पंधरा ऑगस्टला, त्यांच्या पनायाच्या, म्हणजे देवमातेच्या सणाला, निक बायकोमुलांना घेऊन फीनिक्सहून यायचा आणि त्या दिवशी ते गोळे व्हायचेच. निकला आई एकटी राहते हे पसंत नव्हतं. आपल्या घरात त्याने तिच्यासाठी एक खोली काढून ठेवली होती आणि दर ऑगस्टला तो हा विषय काढायचा. दर ऑगस्टला बाई त्याच्या पानात आणखी दोन गोळे वाढायच्या आणि म्हणायच्या, “माझं स्वयंपाकघर बंद पडलं की मी येईन.” हा त्यांच्यातला ठराव होता. थट्टेत केलेला, पण दोघेही तो पाळणारे होते.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत बाई मागच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरून पडल्या. डोक्याला मागून मार लागला. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं, टाके घातले, घरी पाठवलं. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी त्यांची एक थाळी परत करायला गेले. दार उघडलं तर घरभर जळका वास. पातेल्यात मसूर जळून कोळसा झाला होता आणि शेगडीपासून चार हातांवर, दाराकडे तोंड करून, बाई शांतपणे फरसबीच्या शिरा काढत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. मागे वळले तेव्हा त्यांचं हसू गेलं होतं. “किती जळलंय?” त्यांनी विचारलं. मग विळी खाली ठेवावी तशी हातातली सुरी अलगद टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मला वास येत नाही. पडले त्या दिवसापासून. आणि चवही नाही... कॉफी म्हणजे गरम पाणी. पाव म्हणजे ओला कागद.”

मी लायब्ररीत जाऊन मिळाली ती पुस्तकं वाचली. डोक्याला मार बसून वास जातो हे खरं होतं. गेलेला कधी परत येतो, कधी येत नाही. खारट-गोड तेवढं जिभेला बहुधा कळत राहतं, असं एका पुस्तकात होतं. मी आशेने मिठाचं पाणी आणि साधं पाणी असे दोन पेले त्यांच्यापुढे ठेवले. त्या दोन्ही पेले प्यायल्या आणि म्हणाल्या, “दोन्हीत पाणी आहे. तू मला आणखी काय काय पाजणार आहेस?”

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. निकला सांगायचं नाही. चर्चमधल्या बायकांना नाही, डॉक्टरला नाही, श्रीकांतलाही नाही. “जिला वास येत नाही तिला तो एक दिवसही इथे राहू देणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि त्याचं चुकणार नाही. म्हणून तर सांगायचं नाही.” मी गप्प बसले. मी तशी गप्प बसणारीच आहे, पण त्या दिवशी माझं गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं होतं, हे आम्हा दोघींनाही कळलं. मी एकच अट घातली. रोज सकाळी लायब्ररीत जाताना मी मागच्या दाराने आत येणार आणि घरात वास घेऊन जाणार. दूध, मासे, गॅस, सगळ्याचा. दुसऱ्या दिवशी मी दार ढकललं तेव्हा आतून आवाज आला, “आलं का माझं नाक?” आणि पुढची तीन वर्षं, सुट्टीचे दिवस धरून, मी त्यांचं नाक होते.

ऑगस्ट जवळ आला तशा बाई घाबरल्या. मला वाटत होतं, पन्नास वर्षं जी गोष्ट केली तिला जिभेची काय गरज? हात करतीलच. पण बाईंनी आयुष्यात कधी काही मोजलंच नव्हतं. खिमा मळायचा, कच्च्याचाच कण जिभेवर ठेवायचा, मीठ टाकायचं, पुन्हा कण ठेवायचा, अशी त्यांची रीत. त्यांच्या हाताला जे येत होतं ते जीभ सांगत होती म्हणून. जुलैत त्यांनी एकदा करून पाहिलं आणि तो घाणा चर्चमधल्या एका मैत्रिणीला दिला. मैत्रीण दुसऱ्या दिवशी म्हणाली, “स्ताव्रूला, समुद्र कुठून आणलास?” बाईंनी ते मला हसत हसत सांगितलं आणि मग टेबलावर डोकं टेकलं. “निक आला की पहिला घास खाऊनच त्याला कळेल,” त्या म्हणाल्या. तेव्हा मला माझ्या मिरजेच्या आत्याची आठवण झाली.

आत्याकडे गौरी-गणपतीचा स्वयंपाक माझ्या लग्नाआधी चार वर्षं माझ्याकडे होता. देवापुढे पान जाईपर्यंत काहीही चाखायचं नाही, चाखलं की उष्टं झालं. वीस माणसांची आमटी, खीर, कोशिंबिरी, सगळं न चाखता. आत्या म्हणायची, “जिभेने तर कोणीही स्वयंपाक करील.” तिने मला मीठ घ्यायला शिकवलं होतं. पंजा पसरून नव्हे, बोटं जरा आत वळवून. मग तळव्यात जो खळगा पडतो तो माप. इतक्या डाळीला एक खळगा, इतक्या पिठाला अर्धा. आणि शिजत असताना वाफेवर नाक धरायचं. कुठला वास पुढे आहे, कुठला मागे, ते बघायचं. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे देवासाठी आंधळ्यासारखं शिजवतात?” मी म्हटलं, “जीभ बांधून.” “मग तू इतके दिवस काय करत होतीस?” त्या एकदम ओरडल्याच. “मला पाण्याचे पेले पाजत होतीस!”

त्यांच्याकडे पंधरा ऑगस्टच्या आधी चौदा दिवस उपास असतो, मांस, दूध, अंडी काही नाही. माझा श्रावण चालू होता. म्हणजे ज्या दोन बायका खिम्याला तोंड लावणार नव्हत्या त्या चौदा तारखेला सकाळी खिम्याभोवती उभ्या होत्या. पूर्वी बाई हे सगळं पंधराला, चर्चहून आल्यावर, चाखता यावं म्हणून करायच्या. त्या वर्षी त्यांनी निकला फोनवर सांगून टाकलं की आता वय झालं, आदल्या दिवशी करून ठेवणार. वरून मला डोळा मारला, “उपास आहे. कोण म्हणेल मला चाख म्हणून?”

शिळ्या पावाचे तुकडे पाण्यात भिजवून, पिळून घ्यायचे. कांदा किसायचा, चिरायचा नाही. पुदिना, अजमोदा, वाळवलेला ओरेगानो, अंडं, जरासं व्हिनेगर, ऑलिव्हचं तेल. मग मळायचं, चांगली दहा मिनिटं, पुरणासारखं एकजीव होईपर्यंत. मळत त्या होत्या, मी फक्त मिठाची आणि वासाची. त्यांचा हात रुंद, बोटं आखूड. बोटं वळवल्यावर तळव्यात चांगला खोल खळगा पडला. त्यात मी मीठ भरलं आणि म्हटलं, “हे लक्षात ठेवा. इथे ही रेघ आहे, तिच्यापर्यंत.” किती खळगे घालायचे ते मी माझ्या डाळीच्या हिशेबाने ठरवलं, मांसाला मीठ किती लागतं हे मला कुठे ठाऊक होतं? मग त्यांनी भांडं माझ्या नाकाशी धरलं. “सांग.”

“पुदिना,” मी म्हटलं.

“पुदिना आधी येतो? आणि कांदा?”

“मागून येतो. बराच मागून.”

“मग बिघडलं. कांदा आधी यायला हवा, दार उघडायला. मग मांस. पुदिना सर्वांत शेवटी, जाता जाता. किस आणखी अर्धा.”

मी किसला. पुन्हा भांडं नाकाशी आलं. मांसाजवळून जाताना श्वास रोखून ठेवायची सवय असलेली मी, मांसाच्या भांड्यात नाक घालून त्याचा माग काढत होते, आणि मला त्याची किळस येत नाही हे माझ्या तिसऱ्या खेपेला लक्षात आलं. कार्डावर पुस्तकाचे विषय लावतात तसे मी वास लावत होते.

मग बाईंनी जुन्या सवयीने एक छोटा गोळा तळला आणि बशीत काढून ठेवला. त्या पीठ आणायला कोठीत गेल्या. माझ्यासमोर ओट्यावर पहिला काढलेला गोळा, कोणी न चाखलेला, निराळ्या बशीत. मी काही विचार केला नाही. कोपऱ्यात त्यांच्या देवमातेचं चित्र होतं, पुढे दिवा जळत होता. मी बशी तिथे ठेवली. खिडकीतल्या कुंडीत त्यांची तुळशीसारखी दिसणारी वनस्पती होती, तिचं एक पान वर ठेवलं, आणि बशीभोवती पाण्याचं बोट फिरवलं. बाई परत आल्या त्या दारातच थांबल्या. “हे काय केलंस?” मी सांगितलं. त्यांनी पिठाचा डबा छातीशी धरला. “पनायापुढे मांस! उपासाच्या दिवशी! आणि उपास तिचाच!” मी इतकी ओशाळले की बशी उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “असू दे,” त्या म्हणाल्या. “तीही आईच आहे. मुलासाठी काय शिजतंय ते बघेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. मला त्यांनी शेंगांची भाजी केली होती. गोळ्यांची परात टेबलावर आली, निकने पहिला गोळा उचलून तोंडात टाकला, आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघी त्याच्या जबड्याकडे बघत होतो. तो चावत राहिला... मला वाटलं, फार वेळ चावतोय. मग त्याने दुसरा उचलला. “आई, कांदा मस्त झालाय,” तो म्हणाला. बाईंनी त्याच्या पानात आणखी दोन वाढले. त्या वर्षी फीनिक्सच्या खोलीचा विषय निघाला तोही उगीच, सवयीचा म्हणून. मी घरी आले तेव्हा श्रीकांत म्हणाला, “काय गं, सेलिब्रेट करून आलीस की काय? आणि साडीला हा तळणाचा वास! उद्यापासून बर्गर सुरू करणार आहेस का?” मी म्हटलं, “वास आला ना तुला? नशीबवान आहेस.” त्याला काही कळलं नाही.

हे सगळं इतकंच असतं तर मी त्याला आमची गंमत म्हटलं असतं. पण पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एका सकाळी मी मागचं दार उघडलं आणि पायरीवरच थबकले. गॅस. एका बर्नरची कळ अर्धवट फिरलेली होती, ज्योत नव्हती, आणि बाई काडेपेटी शोधत होत्या. पनायापुढचा दिवा विझला होता तो लावायला. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. खिडक्या, दारं, सगळं उघडून आम्ही परसात उभ्या राहिलो, त्या झग्यावर माझा कोट घालून.  अर्ध्या तासाने आत गेल्यावर मी भिंतीवरच्या फोनपाशी गेले आणि म्हटलं, “मी निकला फोन करते आहे.” मला वाटलं होतं, त्या विनवणी करतील. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “कर. नंबर तिथेच लिहिलाय, मोठ्या अक्षरांत. तुझं बरोबर आहे.” मी रिसीव्हर कानाला लावला. त्या आपल्या स्वयंपाकघराकडे बघत होत्या. हावरटासारखं नव्हे, स्टेशनवर सामान मोजून घेतो तसं, एकेक वस्तू नजरेने... मी रिसीव्हर ठेवून दिला.

त्या शनिवारी गॅसची शेगडी गेली आणि विजेची आली. “कॉइलवर केफ्तेदेस! माझा नवरा थडग्यात कूस बदलेल,” एवढंच त्या बोलल्या. दिवाही तेलाचा गेला, विजेचा छोटा लाल बल्ब आला. निकला त्यांनी सांगितलं की जुनी शेगडी गंजली होती. मी बरोबर वागले का, हे मला अजून सांगता येत नाही. एखादी सकाळ माझी चुकली असती तर? मला फ्लू झाला असता तर? त्या वर्षभर मी पावसापाण्यात, सर्दी झाली तरी, किंबहुना सर्दी झाली की जास्तच काळजीने, दोन-दोनदा जात होते. एकदा माझंच नाक चोंदलं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून काहीच न कळता हवेकडे बघत राहिलो. बाई म्हणाल्या, “आता आपण एक कुत्रा पाळू.”

तिसऱ्या ऑगस्टला त्यांची मनगटं दुखत होती. मळायचं मला जमेल का, असं त्यांनी विचारलं नाही. भांडं माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातला. थंडगार होतं. मी मळत राहिले, त्या बाजूला उभ्या राहून बोटाने दाबून बघत राहिल्या. “आता,” त्या एका क्षणी म्हणाल्या. त्यांच्या बोटाला कळत होतं. तेवढं त्यांचं शाबूत होतं. मीठ त्यांनीच घातलं, रेघेपर्यंत. मी नंतर हात तीनदा धुतले आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्याबद्दल काही बोलले नाही. देवही काही बोलला नाही.

या मे महिन्यात त्या गेल्या. त्या दिवशी सकाळीही मी दार ढकललं, “आलं का माझं नाक?” झालं. मी म्हटलं, “लायलॅकच्या फुलांचा वास येतोय. खिडकीतून.” “कसा आहे?” त्यांनी विचारलं. मला उशीर होत होता. “छान आहे,” एवढंच सांगून मी निघाले. त्याच्यापेक्षा जास्त सांगता आलं असतं...

त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना असते, उकडलेले गोड गहू वाटतात. निक त्यासाठी आला होता. दुसऱ्या दिवशी घर आवरायला मी त्याच्याबरोबर गेले आणि ताटं कागदात गुंडाळता गुंडाळता सगळं सांगून टाकलं. जानेवारीतला मसूर, पाण्याचे पेले, मिठाचा खळगा. गॅसचंही सांगितलं, ते गाळलं असतं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता. निक पन्नाशीकडे झुकलेला, उंच, शांत माणूस आहे. त्याचा चेहरा लाल होत गेला. “तीन वर्षं,” तो म्हणाला. “माझी आई स्फोटात मेली असती आणि मला कारण कळलं नसतं. तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

“हो,” मी म्हटलं. 

तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. मी ताटं गुंडाळत राहिले. बराच वेळ झाला. मी निघायच्या विचारात होते, तेवढ्यात तो आत आला आणि आईच्या खुर्चीवर नव्हे, तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसला.

“मीठ कमी असायचं,” तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही.

“गोळ्यांत. तिन्ही वर्षं. बरंच कमी. मला ब्लडप्रेशर आहे ना, चौऱ्याऐंशीतच निघालं, मी आईला फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं, ती माझ्यासाठी कमी घालतेय. बायको टेबलावरची मिठाची बाटली घ्यायला गेली तर मी तिला पायाने ढोसलं. मुलांनाही दम दिला होता, आजीसमोर कोणी मीठ मागायचं नाही.” त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “मला तर वाटत होतं, तिने माझ्यासाठी पन्नास वर्षांची चव सोडली.”

मी माझ्या डाळीच्या हिशेबाने ठरवलेले ते खळगे. मी खुर्ची ओढून बसले. मला हसू येत होतं आणि ते येऊ द्यावं की नाही कळत नव्हतं. पण आधी तोच हसला, तोंडावर हात धरून, खांदे हलवत, अगदी बाईंसारखा, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. इतके दिवस मी समजत होते की या घराला मी माझ्या नाकाने तोलून धरलंय. त्यातल्या एका वर्षी जरी निक म्हणाला असता, “आई, मीठ विसरलीस का?” तर बाईंचा चेहरा तिथेच पडला असता आणि त्या फीनिक्सच्या खोलीत गेल्या असत्या. त्याने मागितलं नाही. त्याला काही ठाऊक नव्हतं, मला त्याचं ठाऊक नव्हतं, आणि बाईंना आम्हा दोघांचंही नाही. तरी त्या आपल्या घरात राहिल्या, आपल्या खुर्चीत गेल्या.

“तिला शेवटपर्यंत वाटलं असेल का, चव बरोबर जमलीय म्हणून?” त्याने विचारलं.

“तुम्ही दर वर्षी आठ-नऊ खात होतात,” मी म्हटलं. “त्या मोजायच्या.”

घर विकायचं त्याने तूर्त लांबणीवर टाकलं आहे. गुंडाळलेली ताटं त्याने त्याच संध्याकाळी परत सोडवून फळीवर लावली, किल्ली माझ्याकडे दिली. परवा त्याचा फोन आला होता. पंधरा ऑगस्टला सगळे येणार आहेत. खिमा तो आणील, कांदा त्याची बायको किसेल. मी चौदाला सकाळी यावं आणि वास कुठल्या क्रमाने येतो ते सांगावं, मळायचं त्याला शिकवावं आणि मीठही मीच घालावं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, “निक, माझं माप तुम्हाला माहीतच आहे.” तो म्हणाला, माहीत आहे, म्हणूनच. चाखायचं काम त्याचं. मात्र या वेळी कमी पडलं तर त्याने तसं तोंडावर सांगायचं, असं आमचं ठरलं आहे.